‘आमच्या घराण्यात शुगर आहेच’: तीन भावंडं आणि टाइप वनची जोखीम

प्रकरण तीन भावंडांचं आहे. थोरली ११ वर्षांची, मधला ७ चा, धाकटा ३ चा. ही कुणा एका खऱ्या कुटुंबाची हकिकत नाही. टाइप वन मधुमेहाच्या उपचारांत पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रसंग जोडून ती रचली आहे. संशोधनाचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

सुरुवात मधल्यापासून झाली. आठवडे दोन-तीन तो सारखं पाणी मागत होता, रात्री उठून लघवीला जात होता आणि मग, कधीच सुटलेली सवय परत आल्यासारखं, अंथरूण ओलं होऊ लागलं. वजन उतरलं होतं, पण उंची वाढताना मुलं वाळतातच असं सगळ्यांनी धरून चाललं. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. पोटाचा संसर्ग समजून दोन दिवस औषध चाललं. तिसऱ्या दिवशी तो खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागला आणि हाकेला नीट ओ देईना. रक्तातली साखर ५१२, लघवीत भरपूर कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं), रक्त आम्लधर्मी झालेलं. म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. चार दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग इन्सुलिनचं पेन हातात घेऊन घरी.

निदानाला शंका नव्हती. तरीही त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. गॅड आणि आयए-२ या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याची ही खूण. पुढच्या साऱ्या गोष्टीला या एका रिपोर्टचा आधार आहे, म्हणून तो इथे आधीच नोंदवला.

घरी आल्यावर कारणं शोधायला सुरुवात झाली, आणि ती सगळी घरातल्या माणसांच्याच दारात जाऊन थांबली. आजी म्हणाल्या, “आमच्या घराण्यात शुगर आहेच. ह्याच्या आजोबांना होती, मोठ्या काकांना आहे.” मुलाचे वडील गप्प झाले, कारण घराणं त्यांचं. आईच्या मनात वेगळंच चाललं होतं: गोड फार दिलं का, अंगावरचं दूध लवकर सोडवलं का. शेवटी दोघांची नजर थोरलीवर गेली. ती अंगाने बारीक, मधल्यासारख्याच चेहऱ्याची आणि पाणी जास्त पिणारी. आईने मधल्याच्याच ग्लुकोमीटरवर रोज सकाळी तिचंही बोट टोचायला सुरुवात केली. रीडिंग ८८, ९२, ९० असं यायचं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरवड्यात थोरलीने पाणी पिणं कमी केलं. आई बघते म्हणून. शाळेची बाटली ती भरलेली परत आणायची.

मधल्याच्या पहिल्या फेरतपासणीला आईने विचारलं, “डॉक्टर, मोठीलाही होणार ना?” धाकट्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

वंशवेल काढल्यावर

डॉक्टरांनी उत्तर देण्याआधी कोरा कागद घेतला आणि तीन पिढ्यांची वंशवेल काढली. “कुणाकुणाला शुगर आहे” एवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी विचारल्या: निदान कितव्या वर्षी झालं, तेव्हा शरीरयष्टी कशी होती, इन्सुलिन किती लवकर लागलं, आणि थायरॉइड, सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार), कोड असा दुसरा एखादा ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने शरीरावर हल्ला करण्याचा आजार आहे का.

चित्र लगेच पालटलं. आजोबांचं निदान पंचावन्नाव्या वर्षी, वजन जास्त, पंधरा वर्षं नुसत्या गोळ्यांवर. काकांचंही तसंच. हा टाइप टू. टाइप टूला आनुवंशिकतेचा जोर मोठा असतो हे खरं, पण तो रस्ताच वेगळा आहे. तिथे इन्सुलिन असतं, शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंड थकतं. टाइप वनमध्ये बीटा पेशी मारल्या जातात. आजोबांच्या टाइप टूवरून नातवाच्या टाइप वनचा अंदाज बांधता येत नाही. ज्या घराण्यामुळे वडील मान खाली घालून बसले होते, त्या घराण्याचा या आजाराशी फारसा संबंधच नव्हता.

एका शक्यतेचा मात्र विचार करावाच लागतो. ओळीने तीन पिढ्यांत, तरुण वयात, अंगाने सडपातळ माणसांना सौम्य मधुमेह दिसत असेल तर तो मोडी नावाचा एकाच जनुकातला दोष असू शकतो. आई किंवा वडिलांकडून तो दर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्यातल्या काही प्रकारांत इन्सुलिन सोडून गोळ्यांवर भागतं. या घरात तसं नव्हतं. आजोबांचं वय आणि वजन जुळत नव्हतं, आणि मधल्याच्या दोन अँटीबॉडी पॉझिटिव्ह होत्या. तो मुद्दा तिथेच मिटला.

कामाची माहिती निघाली ती आईच्या बाजूने, जिच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. मावशीला तिशीत हाशिमोटो हा ऑटोइम्यून थायरॉइडचा आजार झालेला. आईच्या चुलत भावाला तरुणपणीच इन्सुलिन लागलेलं. तो “पथ्य न पाळल्यामुळे इन्सुलिनवर गेला” अशी घरातली समजूत होती. कागदावर या दोन नोंदी आजोबा-काकांपेक्षा जड ठरल्या. ऑटोइम्यून आजार एकमेकांची सोबत करतात, आणि कुटुंबाच्या इतिहासात तेच सगळ्यात सहज सुटून जातात. ‘शुगर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांना पुरवला की असं होतं.

पाच टक्के म्हणजे कुणाचे

मग आकडे आले. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत टाइप वन होण्याची शक्यता साधारण ०.४ टक्के धरतात. हे बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांचे आहेत, त्यामुळे जिथे आजार मुळात कमी आढळतो तिथे ते जसेच्या तसे लावू नयेत. सख्ख्या भावंडाला टाइप वन असेल तर जोखीम ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि त्या भावंडाचं निदान जितक्या लहान वयात झालेलं, तितकी ती थोडी वरच सरकते. आईला टाइप वन असेल तर मुलाला साधारण २-३ टक्के, वडिलांना असेल तर ५ ते ८. आईपेक्षा वडिलांकडून जास्त का, याचं पक्कं उत्तर अजून सापडलेलं नाही. दोघांनाही असेल तर जोखीम कितीतरी पटींनी वाढते. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला असेल तर दुसऱ्याची शक्यता सगळ्यांत जास्त. अशा जुळ्यांच्या एका दीर्घ पाठपुराव्यात साठीपर्यंत ६५ टक्के जणांना तो झाला.

याच आकड्यांची दुसरी बाजू लोकांना धक्का देते. टाइप वन नव्याने झालेल्या दर दहा रुग्णांतल्या साधारण नऊ जणांच्या आई-वडील-भावंडांत कुणालाही तो नसतो. म्हणजे घरात आहे म्हणून जोखीम पंधरापट वाढते हे खरं, आणि घरात नाही म्हणून कुणी सुटत नाही हेही तेवढंच खरं.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्यासारख्या घरातली शंभर भावंडं घेतली तर पाच-सहांना होतो, चौऱ्याण्णव-पंचाण्णवांना होत नाही.” वडिलांना थोडं हायसं वाटलं. आईला नाही. तिने विचारलं, “पण माझी मुलं त्या पाचात आहेत की पंचाण्णवात?”

मला वाटतं, या प्रकरणातला हा सगळ्यात नेमका प्रश्न. पाच टक्के हा आकडा कोणत्याही एका मुलाचा नसतो, तो गटाचा असतो. त्या गटात जोखीम अगदी कमी असलेली पुष्कळ मुलं आणि ती प्रचंड असलेली थोडी मुलं एकत्र मोजलेली असतात. सरासरी काढली की दोघांचाही चेहरा पुसला जातो.

हे का घडतं ते जनुकांत दिसतं. टाइप वनच्या आनुवंशिक जोखमीचा जवळपास निम्मा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए या भागाकडे जातो. डीआर-३ आणि डीआर-४ या नावांनी ओळखले जाणारे तिथले दोन संच धोक्याचे. दोन्ही एकाच मुलात आले तर जोखीम सर्वांत जास्त. उलट काही संच, उदाहरणार्थ डीक्यू-६ चा एक प्रकार, चांगलं संरक्षण देतात. मुलाला या भागाची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. त्यामुळे दोन भावंडांत दोन्ही प्रती जुळण्याची शक्यता २५ टक्के, एक जुळण्याची ५० आणि एकही न जुळण्याची २५. आजारी भावाशी दोन्ही प्रती जुळलेलं मूल आणि एकही न जुळलेलं मूल एकाच घरात, एकाच ताटात वाढतं, पण जोखमीच्या दृष्टीने दोघांत महद्अंतर असतं. चेहरा, अंगकाठी, स्वभाव यांचा याच्याशी संबंध नाही. थोरली मधल्यासारखी दिसते, यावरून काहीच ठरत नव्हतं.

जनुकांवरच सगळं ठरत असतं तर एकसारख्या जुळ्यांतली दोघंही नेहमीच आजारी पडली असती. फिनलंडमध्ये लहान मुलांतलं टाइप वनचं प्रमाण १९५० च्या दशकापासून पुढच्या पन्नास वर्षांत सुमारे पाचपट झालं. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. काहीतरी बाहेरचं भर घालतं आहे. एन्टेरोव्हायरसच्या लांबलेल्या संसर्गाकडे टेडी या मोठ्या अभ्यासाने बोट दाखवलं आहे. पण आई-वडिलांनी एखादी गोष्ट केली किंवा टाळली म्हणून आजार थांबेल, असं काही हाती लागलेलं नाही. गायीच्या दुधातली प्रथिनं फोडून बनवलेलं बाळदूध दिलं तर आजार टळेल का, हे १५ देशांतल्या २,१५९ बाळांवर वर्षानुवर्षं तपासलं गेलं. २०१८ मध्ये उत्तर आलं: नाही. आईला हे ऐकवणं औषधाइतकंच गरजेचं होतं. गोड दिल्याने टाइप वन होत नाही. दूध लवकर सोडवल्याबद्दल स्वतःला शिक्षा करून घेण्यासारखा पुरावा नाही.

तपासायचं का

एचएलए तपासणी डॉक्टरांनी सुचवली नाही. तिने जोखीम जास्त की कमी एवढंच कळतं, आजार सुरू झाला आहे का ते कळत नाही. त्याऐवजी अँटीबॉडी: इन्सुलिनविरोधी, गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८. लक्षणं दिसण्याच्या कितीतरी महिने, कधी कधी वर्षं आधी त्या रक्तात येतात. लहान मुलांत त्या सर्वाधिक वेगाने उगवतात ते पहिल्या दोन-तीन वर्षांत.

रोजचं बोट टोचणं इथे का कुचकामी, तेही आईला समजावलं गेलं. बीटा पेशींचा मोठा भाग नष्ट होईपर्यंत उपाशीपोटीची साखर सरळ राहते. थोरलीच्या ८८-९२ वरून आजच्या दिवसापलीकडचं काही कळत नव्हतं, आणि मुलगी मात्र तहान लपवायला शिकली होती.

आजीचा विरोध होता: “जे टाळता येत नाही ते आधी कळून काय करायचं?” हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. बरीच वर्षं तज्ज्ञही संशोधनाबाहेर ही तपासणी करू नये असंच म्हणत, आणि कारण हेच होतं. आज दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे मधला ज्यातून गेला तो कीटोअ‍ॅसिडोसिस. जर्मनीतल्या बव्हेरियात २०१५ पासून ९० हजारांहून जास्त लहान मुलांची अशी तपासणी झाली. सुमारे ०.३ टक्के मुलं आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात सापडली. पुढे त्यातल्या ज्यांना लक्षणांचा मधुमेह झाला, त्यांच्यात निदानाच्या वेळी कीटोअ‍ॅसिडोसिस होता तो ३ टक्क्यांच्या जवळपास मुलांत. तपासणीविना निदान होतं तिथे अनेक देशांत तो पाचात एकाला किंवा त्याहून जास्त जणांना असतो. दुसरं उत्तर औषधाचं, ते पुढे येईल. इटलीने तर २०२३ मध्ये सगळ्या मुलांच्या टाइप वन आणि सिलिअ‍ॅक तपासणीसाठी कायदाच केला.

तरी एक अट डॉक्टरांनी आधीच घातली. पॉझिटिव्ह आलं तर पाठपुराव्याला यायचं, जमणार नसेल तर तपासायचंच नाही. मला ही अट पटते. रिपोर्ट काढून कपाटात ठेवायचा असेल तर त्यातून फक्त भीती मिळते.

आणि त्यांनीच धाकट्याचं नाव घेतलं. दोघांचंही रक्त घ्यायचं ठरलं.

रिपोर्ट

थोरलीचा रिपोर्ट: गॅड किंचित पॉझिटिव्ह, बाकी तीन निगेटिव्ह. धाकट्याचा: इन्सुलिनविरोधी आणि आयए-२ दोन्ही स्पष्ट पॉझिटिव्ह.

घरात जे व्हायचं ते झालं. थोरलीच्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर सगळे अडकले, कारण भीती तिच्याबद्दलचीच होती. धाकट्याचा कागद कुणी नीट वाचलाच नाही. तो अंगाने भरलेला, खेळता, कधी आजारी न पडणारा.

इथे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. अँटीबॉडी पॉझिटिव्ह ठरवण्याची रेषा बहुतेक ठिकाणी निरोगी लोकांतल्या ९९व्या शतमानावर आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी शंभर माणसांतला एखादा कोणत्याही एका अँटीबॉडीला किंचित पॉझिटिव्ह येणारच. कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीतल्या तीन अभ्यासांत १३,३७७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आणि २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले. एकही अँटीबॉडी नसलेल्यांत पंधराव्या वर्षापर्यंत मधुमेह झाला ०.४ टक्के मुलांना. एकच असलेल्यांत १० वर्षांत १४.५ टक्के. दोन किंवा जास्त असलेल्यांत १० वर्षांत ७० टक्के, १५ वर्षांत ८४.

भावंड म्हणून दोघांची जोखीम कालपर्यंत तीच पाच-सहा टक्के होती. या कागदांनंतर थोरलीची आणि धाकट्याची वाट वेगळी झाली. कौटुंबिक इतिहासाचं काम इथे संपतं, कुणाला तपासायचं एवढं सांगण्यापुरतंच ते असतं.

एका नमुन्यावर शिक्का मारत नाहीत, म्हणून तीन महिन्यांनी दोघांचं रक्त पुन्हा, वेगळ्या पद्धतीने तपासलं. थोरलीचं गॅड निगेटिव्ह. धाकट्याच्या दोन्ही अँटीबॉडी कायम. (आईला टाइप वन असता आणि धाकटा वर्षाच्या आतला असता, तर नाळेतून आलेल्या आईच्याच अँटीबॉडी त्याच्या रक्तात दिसल्या असत्या. इथे तो गोंधळ नव्हता.) ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात ती) पूर्ण सरळ, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.२.

याला टप्पा १ म्हणतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह संघटनांनी मांडलेल्या वर्गीकरणात टप्पा १ म्हणजे दोन किंवा जास्त अँटीबॉडी आणि साखर सरळ. टप्पा २ म्हणजे अँटीबॉडी आहेत आणि साखर बिघडू लागली, पण लक्षणं नाहीत. टप्पा ३ म्हणजे ज्याला आपण नेहमी मधुमेह म्हणतो तो. या मांडणीत टाइप वन लक्षणांपासून सुरू होत नाही, दोन अँटीबॉडींपासून सुरू होतो. धाकट्याला ‘होण्याची शक्यता’ नव्हती. त्याला सुरू झालेला होता.

वडिलांनी तेव्हा विचारलं, “मग मोठी सुटली?” बरीचशी. वर्षं गेली तसा निगेटिव्ह मुलाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. टाइप वनची जवळपास निम्मी निदानं प्रौढपणी होतात. पौगंडावस्था संपण्याआधी तिची आणखी एकदा तपासणी ठरली, आणि तिचं बोट टोचणं त्याच दिवसापासून बंद झालं. डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावून सांगितलं, “तुला हवं तेवढं पाणी पी.”

वाट बघण्याची वर्षं

पाठपुरावा सोपा असतो, लिहायला. नऊ वर्षांखालच्या टप्पा १ च्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी तपासतात, तीन वर्षांखाली तीन महिन्यांनी. घरी ग्लुकोमीटर होताच. ठरलेल्या दिवशी, जेवणानंतर दोन तासांनी, महिन्यातून एकदोनदा. आजारपणात आणि तहान-लघवी वाढली तर लगेच. रोज नाही. आईने वॉर्डातच पाठ केलेली यादी फ्रिजवर लावली: तहान, वारंवार लघवी, पुन्हा ओलं अंथरूण, वजन उतरणं, मलूलपणा, उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास असेल तर तासभरही थांबायचं नाही. बालवाडीच्या बाईंना तीच यादी दिली. ‘मधुमेह आहे’ असं सांगायचं की ‘लक्ष ठेवा’ एवढंच, यावर नवरा-बायकोचं एकमत व्हायला वेळ लागला. शेवटी ‘लक्ष ठेवा’वर थांबले.

मधल्याचं मात्र सगळ्यांच्या नजरेतून निसटलं होतं. एका रात्री त्याने आईला विचारलं, “माझ्यामुळे त्याला लागलं का?” आई “वेडा आहेस का” म्हणाली आणि विषय मिटवला. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नव्हतं. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी सुई, पेन, ग्लास, पांघरूण, काहीही वाटून घेतल्याने हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही हे त्याला चित्र काढून दाखवलं. लहान मुलांना दिलेली उत्तरं लहान नसावीत.

धाकटा पाच वर्षांचा झाला तेव्हा टॉलरन्स टेस्टमध्ये दोन तासांची साखर १५८ आली (१४० ते १९९ हा बिघाडाचा पट्टा), एचबीएवनसी ५.८. टप्पा २. या टप्प्यावरच्या चारांतल्या तिघांना पाच वर्षांच्या आत टप्पा ३ गाठतो.

वडिलांनी टेप्लिझुमॅबबद्दल वाचलं होतं. हल्ला करणाऱ्या टी पेशींना आवर घालणारं हे औषध रोज शिरेतून, असं १४ दिवस देतात. टप्पा २ मधल्या ७६ नातेवाइकांवर झालेल्या चाचणीत २०१९ मध्ये दिसलं, की औषध न मिळालेल्यांत निम्म्यांना साधारण २४ महिन्यांत मधुमेह झाला, औषध मिळालेल्यांत तोच टप्पा यायला ४८ महिने लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, ती ८ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी. धाकटा पाचाचा. एरवी लहान वयाचा फायदा धरला जातो, इथे आजार वेगाने पुढे जाणारं वय हेच आणि त्या मंजुरीतून वगळलेलंही हेच. औषध आजार टाळत नाही, लांबवतं. इन्सुलिनशिवायची दोन-तीन वर्षं कमी नव्हेत, विशेषतः एवढ्या वयात. पण ती या मुलाच्या वाट्याला आली नाहीत. आधीच्या कित्येक प्रयत्नांनी तर काहीच हाती दिलं नव्हतं. इन्सुलिन आगाऊ टोचून, तोंडाने देऊन, निकोटिनामाइड देऊन, सगळं करून झालेलं होतं.

तपासण्या तीन महिन्यांवर आल्या. सहाव्या वर्षी, एका ठरलेल्या संध्याकाळी जेवणानंतरचं रीडिंग २१२ आलं. दोन दिवसांनी १९६. आईने फोन केला तेव्हा धाकटा सायकल चालवत होता. तहान नाही, वजन उतरलेलं नाही. टॉलरन्स टेस्टमध्ये २२४, दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री, एचबीएवनसी ६.६, कीटोन नाहीत. टप्पा ३. इन्सुलिन सुरू झालं ते बाह्यरुग्ण विभागात, अगदी थोड्या डोसने. रात्री तिघंही भावंडं घरी जेवली. पहिली सुई मधल्याने द्यावी असा धाकट्याचा हट्ट होता. डोस आईने तपासला, पेन मधल्याने धरलं.

दोन निदानांत हा एवढाच फरक, आणि सगळी खटपट या फरकासाठीच होती. निदानाच्या वेळी शिल्लक असलेल्या बीटा पेशींमुळे धाकट्याची साखर पुढे वर्षभर मधल्यापेक्षा शांत राहिली. आजी अजूनही म्हणतात की ती तीन वर्षं घराने घोरात काढली. तेही खरं आहे. आईने एकदा मोजून सांगितलं होतं, की पाठपुराव्याच्या तारखेआधीचा आठवडा तिला झोप लागत नसे. तपासणीची ही किंमत कोणत्याही अभ्यासाच्या तक्त्यात पूर्ण उतरत नाही.

उरलं ते मोठ्यांचं. टाइप वन झालेल्या मुलाचे आई-वडीलही रक्ताचे पहिल्या नात्यातले. जोखीम भावंडांपेक्षा कमी, पण आहे. आईने तपासून घेतलं, निगेटिव्ह. वडील नाही म्हणाले. “मला कळून मी काय वेगळं करणार आहे?” प्रौढ माणसाला हा नकार द्यायचा अधिकार आहे, आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. पण आजोबा-काकांच्या टाइप टूमुळे या माणसाच्या बाबतीत एक चूक अगदी ठरलेली होती. उद्या चाळिशी-पन्नाशीत त्यांची साखर वाढली तर “घराण्यातच आहे” म्हणून गोळ्या सुरू होतील आणि महिनोन् महिने वाढवत नेल्या जातील. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहून ठेवलं: दोन मुलांना टाइप वन. साखर वाढल्यास टाइप टू गृहीत धरू नये, आधी गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी तपासणी) पाहावं.